हेल्मेटचं माप आणि काचेवरची वाफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात जून लागला की काचेवरच्या वाफेचे प्रश्न सुरू होतात, डिसेंबरात तेच पुन्हा. उरलेलं वर्ष मापाचं. आणि हेल्मेटची मोहीम निघाली की सगळे मिळून एकच विचारतात, स्वस्तात कुठलं मिळेल? १ ऑगस्ट २०२५ पासून जिल्ह्यात हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश लागू झाला, तेव्हा पंपापुरतं हेल्मेट घेणारे बरेच निघाले. खालचे काही प्रश्न त्यांचेच आहेत. आधी माप आणि मग वाफ हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण वाफेची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं हेल्मेटच मुळात नीट बसलेलं नसतं.

१. डोक्याचं माप घ्यायचं कसं?

शिंप्याकडची कापडी टेप घ्या. भुवयांच्या वर दोन ते अडीच सेंटीमीटर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून टेप फिरवा. फार आवळू नका आणि मागच्या बाजूला ती खाली घसरू देऊ नका. म्हणूनच हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेलं बरं. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजली तरी चालते. केस मात्र गाडीवर असतात तसेच ठेवा.

२. एका कंपनीचं मीडियम मला बसतं, दुसरीचं मीडियम डोक्यातच जात नाही. असं का?

मीडियम, लार्ज या अक्षरांना फारसा अर्थ नाही. एकीचं मीडियम ते दुसरीचं लार्ज असू शकतं. हेल्मेटच्या आत किंवा मागे स्टिकरवर मिलिमीटरमधला आकडा असतो, ५८० किंवा ६०० असा. तो तुमच्या सेंटीमीटरच्या मापाशी जुळवा: ५८ सेंटीमीटरच्या डोक्याला ५८०.

आकडा जुळूनही हेल्मेट बसलं नाही तर प्रश्न डोक्याच्या आकाराचा आहे. वरून पाहिलं तर कोणाचं डोकं पुढून मागे लांबट असतं, कोणाचं जवळजवळ गोल, आणि बहुतेकांचं मधलं. दोघांचाही घेर ५८ असला तरी एकाचं हेल्मेट दुसऱ्याला बसेलच असं नाही. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळ ठणकतं आणि कानशिलांपाशी पोकळी राहते. गोल डोक्यावर लांबट घातलं तर उलट होतं: कानशिलं दाबली जातात आणि कपाळापुढे बोट जाईल इतकी जागा उरते. खोक्यावर हा आकार बहुधा लिहिलेला नसतो. केस ओले करून, चापून बसवून कोणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. निदान आपलं डोकं कुठल्या जातीचं आहे ते कळेल. तुमच्या भावाला एखादी कंपनी 'एकदम परफेक्ट' वाटत असेल, तर ती त्याच्या डोक्याची शिफारस समजा.

३. दुकानात घालून बघताना नेमकं काय तपासायचं?

दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ओढून, हेल्मेटचं तोंड रुंद करून घाला. घालताना कान थोडे घासले गेले पाहिजेत. अलगद, काही न जाणवता डोक्यात गेलेलं हेल्मेट मोठं आहे, तिथेच बाजूला ठेवा.

आत गेल्यावर पुढची कड भुवयांच्या थोडी वर यायला हवी आणि बाजूला नजर टाकली तर कडा मध्ये येता कामा नयेत. गाल वर ढकलले जाऊन चेहरा जरा फुगल्यासारखा दिसेल, दिसू द्या. तोंड मिटून दात चावल्यासारखं केलं तर गालाची आतली बाजू दाताला लागते का पाहा. नव्या हेल्मेटात थोडी लागते.

आता पट्टा लावा. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि डोकं स्थिर ठेवा: कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर राहून हेल्मेट एकटंच फिरलं तर ते सैल आहे. यानंतरची चाचणी दुकानात कोणी करताना दिसत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. मान खाली घाला आणि कोणाला तरी हेल्मेटची मागची कड पकडून पुढच्या दिशेने वर ओढायला सांगा. पट्टा लावलेला असूनही हेल्मेट डोक्यावरून निघालं, तर अपघातातही ते निघेल. किंमत, रंग, स्टिकर काहीही असो, ते घ्यायचं नाही.

शेवटी, ते घालून पंधरा-वीस मिनिटं तसेच बसा. दुकानदार कंटाळेल, पण एवढे पैसे देताय तर त्याने चहा मागवायला हरकत नाही. काढल्यावर आरशात पाहा. सगळीकडे सारखा हलका दाब जाणवला तर छान. कपाळावर किंवा कानशिलावर एकाच जागी लाल वळ उठला आणि तिथेच दुखत असेल, तर तो आकार तुमचा नाही.

४. दुकानदार म्हणतो, "पहनते-पहनते ढीला हो जाएगा भिया." खरं आहे का?

अर्धं खरं. गालाच्या गाद्या स्पंजच्या असतात आणि काही आठवड्यांत दबतात, त्यामुळे नवं हेल्मेट गालावर थोडं घट्टच घ्यावं. कपाळाची गोष्ट वेगळी. तिथे पातळ अस्तरामागे लगेच थर्माकोलचा थर असतो, आणि तो घालून-घालून मऊ होत नाही. कपाळ दुखत असेल तर ते पुढेही दुखतच राहणार. आणि आजच सैल असलेलं हेल्मेट महिन्याभराने आणखी सैल होईल, हे तो तुम्हाला सांगणार नाही.

५. माझं माप दोन साइझच्या बरोबर मध्ये येतं. लहान घेऊ की मोठं?

दोन्ही घालून प्रश्न ३ मधल्या सगळ्या चाचण्या करा. लहानात एका जागी टोचत नसेल तर लहान घ्या. काही मॉडेल्सना गालाच्या गाद्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. डोक्यावर छान पण गालावर फार घट्ट असं असेल तर पातळ गादी बसवून घेता येते. मोठं घेऊन आत रुमाल किंवा स्पंजचा तुकडा कोंबणं मात्र सोडा. धक्का बसल्यावर तो तुकडा एका क्षणात दबतो आणि हेल्मेट पुन्हा तेवढंच सैल.

६. चष्मा असणाऱ्यांनी काय बघायचं?

दुकानात जाताना नेहमीचाच चष्मा न्या. हेल्मेट घातल्यावर त्याच्या काड्या सरळ आत गेल्या पाहिजेत, कानामागे दाब नको आणि चष्मा वर उचलला जायला नको. काही हेल्मेटांत काडीसाठी गादीत खाच ठेवलेली असते, ती असेल तर उत्तम. जाड, वाकड्या काड्यांच्या फ्रेमपेक्षा सरळ पातळ काडी बरी पडते. चष्म्यावर वाफ धरत असेल तर प्रश्न १९ पाहा.

७. लांब केस, अंबाडा, स्टोल यांचं काय करायचं?

अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी हेल्मेटखाली नको. हेल्मेट मागून उचललं जातं, पुढे भुवयांवर येतं आणि प्रश्न ३ मधल्या ओढण्याच्या चाचणीत पटकन निघतं. मानेपाशी सैल वेणी घाला. क्लचर किंवा मोठी प्लास्टिकची पिन डोक्यात ठेवून हेल्मेट घालणं धोक्याचं आहे. आपटल्यावर ती कठीण वस्तू कवटी आणि थर्माकोल यांच्यामध्ये येते.

स्टोल ही आपल्याकडची उन्हाळ्यातली गरजच आहे, आणि विजयनगरच्या सिग्नलवर मे महिन्यात उभं राहिलेल्या कोणालाही ती सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पातळ सुती कापड एकेरी गुंडाळा, गाठ मागे येऊ देऊ नका, आणि हेल्मेट घेताना तोच स्टोल बांधून माप बघा. नाकावरून घेतलेला स्टोल पावसात मात्र वाफेला आमंत्रण देतो.

८. रस्त्यावर दोन-अडीचशे रुपयांत मिळणाऱ्या हेल्मेटवरही आयएसआय असतं. खोटं कसं ओळखायचं?

नुसतं 'आयएसआय' छापलेलं पुरेसं नाही. खऱ्या चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक फोनवरच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाका. कुठल्या कंपनीला, कुठल्या वस्तूसाठी परवाना दिला आहे ते दिसतं. पंख्याचा क्रमांक हेल्मेटवर चिकटवला असेल तर तिथेच उघड होईल. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांचं हेल्मेट या चिन्हाशिवाय विकताच येत नाही.

अ‍ॅप नको असेल तर आतलं अस्तर जरा बाजूला सारून पाहा. मागे दाट दाण्यांचा, बोटभर जाड थर्माकोल दिसला पाहिजे. नुसता स्पंज आणि प्लास्टिकची टोपली असेल तर ते दंडाची पावती वाचवेल, डोकं नाही. डोक्याला बसणारा धक्का थर्माकोल स्वतः चेपून घेऊन कमी करतो. बाहेरचं कवच तो धक्का पसरवतं आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. थर्माकोल नाही म्हणजे मुख्य काम करणारा थरच नाही.

९. फक्त आयएसआय पुरे, की ईसीई पण हवं?

कायद्याला आयएसआय पुरेसं आहे. ईसीई २२.०६ ही युरोपातली नवी कसोटी आहे आणि तीत डोक्याला बसणाऱ्या पिळाचीही चाचणी होते. बजेट असेल तर दोन्ही चिन्हं असलेलं घ्या. पण सैल बसणाऱ्या ईसीईपेक्षा नीट बसणारं साधं आयएसआय हेल्मेट मी केव्हाही घेईन. बेळगावची वेगा, फरिदाबादची स्टड्स, बद्दीची स्टीलबर्ड, अशा भारतीय कंपन्यांच्या मध्यम किमतीच्या मॉडेलांत बहुतेक डोक्यांना काहीतरी सापडतंच.

१०. राजवाड्यापर्यंतच तर जायचं असतं. हाफ चालणार नाही का?

पोलीस अडवणार नाहीत, पण हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो, आणि तोंडावर पडणारे लोक राजवाड्याच्या गर्दीतही पडतात. उकाड्याचं कारण असेल तर हवेची छिद्रं चांगली असलेलं फुल फेस घ्या. पुढून वर उचलता येणारं फ्लिप-अप घेतलंत तर गाडी चालवताना ते बंद ठेवा. उघडं ठेवून गाडी चालवली तर ते जड हाफच झालं.

११. पट्टा लावला नाही तर? हेल्मेट डोक्यावर आहेच ना.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची जी व्याख्या आहे, तीतच ते पट्ट्याने डोक्यावर घट्ट बांधलेलं असावं असं म्हटलं आहे. म्हणजे पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट कायद्याच्याही हिशेबात नाही. कलम १९४ डी मध्ये १००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. टिक-टिक बक्कल आणि दोन कड्यांचं बक्कल, दोन्ही चांगली. दोन कड्यांचं दरवेळी हनुवटीच्या मापानं ओढलं जातं, टिक-टिकवाल्याची पट्टी काही महिन्यांनी सैल पडते आणि ती पुन्हा आवळायला लोक विसरतात.

१२. मागे बसणाऱ्याला आणि मुलांना काय नियम आहे?

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतंच. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षापट्टा बंधनकारक आहे, आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. मुलांना मोठ्यांचं लहान साइझ देऊ नका. मुलांचं हलकं हेल्मेट वेगळं मिळतं. 'वाढत्या अंगाचं' म्हणून एक नंबर मोठं घेण्याची आपली सवय गणवेशापुरती ठेवा.

१३. हातातून खाली पडलं. आता बदलायचं का? आणि एरवी किती वर्षं वापरायचं?

रिकामं हेल्मेट कमरेच्या उंचीवरून पडलं तर बहुधा फक्त रंग खरवडतो. अस्तर काढून थर्माकोलला भेग किंवा खड्डा पडला आहे का, कवचावर केसासारखी रेघ आहे का, ते पाहा. काही नसेल तर वापरा. डोकं आत असताना आपटलं असेल तर मात्र बाहेरून कितीही नवं दिसलं तरी बदला, कारण थर्माकोल एकदाच चेपला जातो, पुन्हा फुगत नाही. म्हणूनच जुनं, कोणाचं तरी वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नये.

अपघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी बदलावं. त्याआधीही गाद्या बसून ते डोक्यावर फिरायला लागलं तर नव्या गाद्या घाला. गाडीच्या आरशावर हेल्मेट अडकवायची सवय असेल तर आरशाच्या टोकाने आतल्या थर्माकोलला खड्डा पडतो, तेही एकदा बघून घ्या.

१४. काचेवर वाफ धरते तरी कशामुळे?

श्वासातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंशांची आणि पाण्याने जवळजवळ भरलेली असते. एका घनमीटरात ३५ ग्रॅमहून जास्त बाष्प. १० अंशांच्या हवेत त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढं बाष्प मावतं. ही ओली, उबदार हवा थंड काचेला लागली की जास्तीचं पाणी बारीक थेंबांच्या रूपात काचेवर बसतं. ते थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून समोरच्या ट्रकचा दिवा एक पांढरा गोळा होऊन दिसतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे इंदूरचा पारा दहाच्या खाली जातो, आणि पहिल्या पाळीला पिथमपूरला निघणाऱ्यांना याचा रोजचा अनुभव असतो. पावसाळ्यात थंडी नसते, पण काचेवर बाहेरून सतत पडणारं पाणी तिला गार करतं आणि बाहेरची हवाच इतकी ओली असते की ती आत आली तरी काच पटकन सुकत नाही. म्हणजे उपाय तीनच: श्वास काचेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, आतली हवा हलती ठेवायची, किंवा काचेची आतली बाजू गार होऊ द्यायची नाही. बाजारात मिळणारं सगळं यांपैकी काहीतरी करतं, किंवा तसं करतं असं म्हणतं.

१५. पावसात काच बंद केली की दिसत नाही, उघडली की थेंब डोळ्यात. मग करायचं काय?

आधी फुकटचे उपाय. हनुवटीपुढचं आणि कपाळावरचं छिद्र उघडं आहे का पाहा. पाणी आत येईल या भीतीने लोक नेमकी ती पावसात बंद करतात. चालत्या गाडीत हनुवटीच्या छिद्रातून येणारी हवा काचेच्या आतून वर जाते, हीच तुमची मुख्य मदत. बहुतेक काचांना पहिला खटका असतो, एक-दोन मिलिमीटर उघडी राहील असा. सिग्नलला उभं राहिल्यावर काच त्या खटक्यावर ठेवा, चालू लागल्यावर बंद करा. गाडी उभी असताना वारा नसतो, म्हणून पलासियाच्या सिग्नलवर दोन मिनिटांत काच पांढरी होते आणि पुढे गेल्यावर आपोआप साफ होते.

नाकावरचं गार्ड, म्हणजे आत बसवलेली ती रबरी किंवा कापडी पट्टी, काढून कपाटात टाकली असेल तर परत लावा. ती नाकाच्या हाडावर टेकून श्वास खाली वळवते. आणि इथेच मापाचा संबंध येतो. हेल्मेट सैल असेल तर गार्ड नाकापासून बोटभर लांब राहतं आणि श्वास सरळ काचेवर जातो. फार घट्ट आणि लांबीला कमी असेल तर नाक-तोंड काचेला चिकटल्यासारखं होतं, तेव्हाही तेच. अशा हेल्मेटवर स्प्रे आणि फिल्मचे पैसे घालण्याआधी प्रश्न २ आणि ३ पुन्हा वाचा.

हनुवटीखाली लावायचा कापडी पडदाही मिळतो. तो वाऱ्याचा आवाज आणि थंडी कमी करतो, पण श्वास बाहेर जाण्याची वाटही अडवतो. वाफेचा त्रास असेल तर पावसाळ्यात तो काढा.

एवढं करूनही भागलं नाही तर प्रश्न १७ कडे वळा. काच पूर्ण वर करून चालवणं हा उपाय नाही. ताशी ५० च्या वेगाने येणारा थेंब किंवा किडा डोळ्यात गेला तर काही क्षण तुम्ही खरोखरच काही पाहू शकत नाही.

१६. बटाटा, साबण, टूथपेस्ट, शेव्हिंग फोम... यांतलं काय खरंच चालतं?

साबण चालतो, थोडा वेळ. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून काचेच्या आतून पातळ पुसायचा, सुकू द्यायचा आणि मऊ कापडाने चमकवायचा. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे बाष्पाचे थेंब न होता सपाट पापुद्रा बनतो आणि त्यातून आरपार दिसतं. शेव्हिंग फोम हेच करतो. एखाद-दुसऱ्या फेरीपुरता गुण येतो, मग पुन्हा लावा. जास्त लावलात तर रात्री समोरच्या दिव्यांभोवती इंद्रधनुष्यं दिसतील आणि घाम मिसळून साबण डोळ्यात गेला तर वाफ परवडली असं वाटेल.

बटाटा फिरवल्यावर पिठूळ थर बसतो. काही जण शपथेवर सांगतात, मला त्यातून धूसरच दिसतं. टूथपेस्ट अजिबात नको. तिच्यात दात घासणारे बारीक कण असतात आणि ते मऊ काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. नंतर प्रत्येक ओरखडा रात्री वेगळा चमकतो.

१७. अँटिफॉग स्प्रे, चिकटवायची फिल्म आणि पिनलॉक यांत कशावर पैसे घालू?

स्प्रे म्हणजे साबणाचाच सुधारलेला, टिकाऊ भाऊ. शहरात कधीमधी पावसात सापडणाऱ्याला पुरतो. चिकटवायच्या फिल्मची गुणवत्ता फार वरखाली असते, आणि एकदा बुडबुडा राहिला की तो बरोबर डोळ्यासमोरच राहतो असा माझा अनुभव आहे. काचेवरच 'अँटिफॉग' लिहिलेलं असेल तर आतल्या बाजूला कारखान्यातला थर असतो. बरा चालतो, पण कपड्याने खसाखसा पुसून लोक तो स्वतःच काढून टाकतात.

पिनलॉक ही खरी वेगळी गोष्ट आहे. मुख्य काचेच्या आत, दोन खुंट्यांमध्ये, दुसरी पातळ काच बसते आणि तिच्या कडेने सिलिकॉनची कड असते. मध्ये हवेचा बंद थर राहतो, त्यामुळे आतली काच बाहेरच्यासारखी गार होत नाही. शिवाय ती ज्या प्लास्टिकची असते ते थोडा ओलावा शोषून घेतं. तिच्यावर ३०, ७० किंवा १२० असा आकडा असतो. आकडा मोठा तितकी ती जास्त वेळ वाफ रोखते. रोज पावसात किंवा पहाटे चालवणाऱ्याने पैसे इथे घालावेत. अट एकच, तुमच्या काचेला त्या खुंट्या असायला हव्यात. खुंट्या नसलेल्या काचेला घरी भोकं पाडू नका. त्याच मॉडेलची पिनलॉकची काच वेगळी मिळते का ते आधी विचारा, आणि नवं हेल्मेट घेतानाच खुंट्या आहेत का ते बघून ठेवा.

१८. पिनलॉक लावली आहे, तरी वाफ धरते. फसवलं का?

वाफ नक्की कुठे आहे ते आधी बघा. दोन काचांच्या मध्ये असेल तर सिलिकॉनची कड कुठेतरी टेकलेली नाही. खुंट्या मध्यापासून थोड्या बाजूला सरकवलेल्या असतात. त्या फिरवल्या की आतली काच घट्ट किंवा सैल होते. कड सगळीकडून चिकटेपर्यंत त्या थोड्या थोड्या फिरवा. नवीन असेल तर दोन्ही बाजूंचं संरक्षक प्लास्टिक काढलं का तेही बघा. हसू नका, हे बऱ्याचदा निघतं.

आतल्या काचेच्या तोंडाकडच्या बाजूला वाफ असेल, तर तिची ओलावा शोषण्याची ताकद संपली. तासनतास पावसात, छिद्रं बंद करून चालवल्यावर असं होतं. घरी आल्यावर काच उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या. ओली असताना पुसू नका, तेव्हा ती मऊ असते आणि ओरखडते. आणि पिनलॉकच्या कडेबाहेरचा भाग वाफ धरणारच, तिथे ती पोचतच नाही.

रात्री समोरच्या दिव्याची दुहेरी सावली दिसते, अशीही तक्रार येते. दोन पृष्ठभाग आहेत म्हटल्यावर थोडी दिसणारच.

१९. काच स्वच्छ राहते, पण चष्म्यावर वाफ धरते.

चष्मा काचेपेक्षा नाकाच्या जवळ, म्हणून श्वास आधी त्यालाच भेटतो. नाकावरचं गार्ड चष्म्याच्या खाली नीट टेकतं का ते बघा. चष्म्यासाठी वेगळं अँटिफॉग मिळतं. साबणाचा उपाय (प्रश्न १६) लेपित काचांवर करण्याआधी चष्मेवाल्याला विचारा. आत मास्क घालत असाल तर त्याची नाकावरची तार दाबून बसवा, नाहीतर श्वास थेट वर जातो. एसी ऑफिसातून बाहेर पडल्यावर लगेच चष्मा-हेल्मेट चढवून निघू नका, कारण पुढच्या प्रश्नात आहे.

२०. पुसपुस पुसली तरी आतली वाफ जातच नाही, असं काही वेळा का होतं?

कारण ती बाहेरून धरलेली असते. दिवसभर एसीत ठेवलेलं हेल्मेट गार असतं. जुलैच्या संध्याकाळी ते घेऊन बाहेर आलात की बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प काचेच्या बाहेरच्या बाजूला बसतं. बाहेरून बोट फिरवा, लगेच कळेल. काही मिनिटांत काच बाहेरच्या तापमानाला आली की ते जातं. यावर पिनलॉक, स्प्रे, गार्ड कशाचाही उपयोग नाही. हेल्मेट टेबलाखाली एसीच्या झोतात ठेवू नका, एवढंच.

२१. पावसाळ्यात जाम गेटला किंवा मांडूला गेलो की काहीच दिसत नाही. कुठली काच लावू?

पारदर्शक. महूकडून जाम गेटला गेलात की माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड लागतो. तिथे ओली हवा कड्यावरून वर चढते आणि ढगच रस्त्यावर येतो. ते धुकं काचेवर नाही, समोर आहे. बोटाने पुसून फरक पडत नसेल तर वेग कमी करा, दिवा लो बीमवर ठेवा, पुढच्या गाडीपासून लांब राहा. हाय बीम धुक्यावरून परत डोळ्यात येतो. पिवळ्या काचेने कोणाकोणाला बरं वाटतं, पण ती प्रकाश वाढवत नाही, कमीच करते. काळी किंवा चकचकीत काच ढगात, पावसात आणि रात्री अजिबात नको. पहाटे निघून रात्री परतणार असाल तर एक पारदर्शक काच पिशवीत ठेवा.

२२. काच कशाने साफ करू?

ती पॉलिकार्बोनेटची असते, खऱ्या काचेसारखी कठीण नाही. ओलं कापड पाच-दहा मिनिटं तिच्यावर ठेवा, चिकटलेले किडे आणि चिखल मऊ होऊ द्या, मग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने बोटांनीच धुवा. कोरडं पुसणं म्हणजे धुळीने घासणं. खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियावाला फवारा, थिनर, पेट्रोल यांतलं काही लावू नका. वरचा लेप जातो आणि प्लास्टिकला बारीक भेगा पडतात. हेच कवचालाही लागू, जुना स्टिकर काढायलासुद्धा पेट्रोल नको. ओरखडे पडून रात्री दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले की काच बदला. हेल्मेटच्या मानाने ती स्वस्त असते.

२३. पावसात अस्तर भिजलं, सकाळी पुन्हा जायचं आहे, आणि वासही येतो.

गाद्या निघत असतील तर काढून वेगळ्या पंख्याखाली ठेवा, हेल्मेट उलटं नको, तोंड खाली करून जाळीवर किंवा दोन विटांवर ठेवा म्हणजे आतून वारा खेळेल. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसजवळची ऊब यांपासून लांब; उष्णतेने थर्माकोल आकसतो. पूर्ण न सुकलेलं अस्तर घातलंत तर त्यातलं पाणी दिवसभर आतल्या हवेत मिसळत राहतं आणि काचेवर वाफ दुप्पट धरते, मग लोक स्प्रेला दोष देतात. वास जात नसेल तर गाद्या सौम्य शाम्पूने हाताने धुवा. डोक्याला तेल लावणाऱ्यांनी हे महिन्यातून एकदा करावंच, तेलाने स्पंज लवकर बसतो. न निघणारं अस्तर असेल तर पावसाळ्यात आत पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. मात्र टोपी घालून माप पुन्हा एकदा तपासा.